माणूस पुसताना

मंगळवारी साडेसातला, चर्चच्या मागच्या खोलीत.
हीटर एकच, तोही नुसता आवाजाला गरम.
आठ लॅपटॉप, एक किटली,
नऊ माणसं, मला धरून.

पहिल्या दिवशी मी टे नदीचा सूर्यास्त नेला होता.
घरी बसून सगळे रंग उजवीकडे ढकललेले:
नदी कुंकवाची, आभाळ हळदीचं,
पूल काजळाच्या बोटानं ओढल्यासारखा.
कुणी काही बोललं नाही. बिस्किटांचा डबा फिरला.
मग अलास्डेर, जन्मभर छापखान्यात शाई कालवलेला,
हळूच म्हणाला,
"डंडीत मी एकाहत्तर वर्षं आहे.
असली संध्याकाळ माझ्या वाट्याला एकदाही आली नाही."

आमच्यात याला तिखटमीठ लावणं म्हणतात,
मी सांगितलं. तो खूश झाला.
तेव्हापासून माझा फोटो पडद्यावर आला की
"मीठ?"
एवढंच विचारतो.

पांढरं मला सेंगानं शिकवलं.
म्हणजे पांढऱ्यात निळं किती, पिवळं किती.
"डोळ्यावर विसंबू नकोस," म्हणते,
"डोळा प्रेमळ असतो, चुका पोटात घालतो."
घरात दोन अ‍ॅग्नेस आधीच होत्या,
म्हणून अक्षरं उलटी करून हिची सेंगा झाली.
उलटं काय, सुलटं काय, तिला लगेच कळतं.

एकदा तिनं माझाच फोटो काढला
आणि नातवंडांना लावते तेच आकडे मला लावले.
पडद्यावर मी: चुलीतून काढलेलं रताळं,
राखेसकट.
ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे माझं चुकलं. थांब."
पाऊण तास आम्ही दोघी माझ्या गालापाशी बसलो,
लाल जरासं, पिवळं जरासं, परत मागे.
मी सापडले तेव्हा
हनुवटीवरचा झोपाळ्याचा व्रणही सोबत आला.
सांगलीला आईला पाठवला.
"छान आलाय गं. जरा उजळ कर की."
नाही केला.

मार्चमधली ब्रॉटी फेरीची ओहोटी.
वाळू घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखी,
आणि नेमका मधोमध एक माणूस, कुत्रा घेऊन.
कुत्रा चालला असता. माणूस नको होता मला,
त्या आठवड्यात कुठलाच.
पुसला. शेजारची वाळू उचलून त्याच्यावर घातली.
दोन मिनिटांचं काम.

सेंगानं चष्मा कपाळावर घेतला.
"पट्टा कुणी धरलाय?"
पट्टा पुसला.
"आणि ही सावली?"
सावली पुसली.
मग ओल्या वाळूत, डोकं खाली पाय वर,
तो अजून उभाच होता.
त्यालाही पुसला.
मग पावलं. पाण्यापासून इथवर बावीस, मी मोजली.
एकेक बुजवत आले.
माणूस दोन मिनिटांत गेला होता,
त्याचं चालणं जाईना.

साडेनऊला चर्चचा रखवालदार किल्ल्या वाजवत आला,
माझ्या खांद्यावरून वाकला.
"अरे, ही तर टॅटी! कान बघ.
मग युअन कुठाय?
तिला सोडून तो दुकानातसुद्धा जात नाही."

खोलीभर नुसता हीटर.
मी काही बोलले नाही,
मागे जायचं बटण दाबत राहिले.
आधी पावलं आली, शेवटचं पहिल्यांदा,
मग उलटा माणूस, मग सावली, मग पट्टा,
आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः,
पोक काढलेला, टोपीखाली अंधार,
एक खिसा बाहेर आलेला.

"मीठ?" अलास्डेरनं विचारलं.
चिमूटभर, म्हटलं.
टोपीखाली.
आणि टोपीखालून
चेहरा जरासा वर आला.